मॅडम, माझा मेंदू गंजलाय का? चेसमध्ये ६४० वर अडकलेल्या एका बाईंची गोष्ट

मी समुपदेशक आहे. परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. सोयीसाठी त्यांना ताई म्हणते.

ताई ४२ वर्षांच्या. आल्या तेव्हा झोपेची तक्रार घेऊन आल्या, आणि अर्धा तास झोप, काम, चिडचिड असं सगळं बोलून झाल्यावर एकदम खाली बघून म्हणाल्या, "हसू नका, पण मी रात्री ऑनलाइन चेस खेळते आणि हरते. आठ महिने झाले, रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, ६४०. मुलासोबत शिकायला बसले होते, तो अकरा वर्षांचा, तो ११०० ला पोचला. या वयात नवीन काही शिकताच येत नाही का? मेंदू गंजलाय का माझा?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या वेषात नेहमी येतो, कुणाला ड्रायव्हिंग जमत नसतं, कुणाला नवीन भाषा, पण आतला प्रश्न एकच, की मी मंद आहे का. चेसमध्ये तो जास्त झोंबतो कारण खेळाचं नावच बुद्धिबळ. कॅरममध्ये हरलं की बोट चुकलं, इथे हरलं की बुद्धी कमी पडली असं वाटायला लागतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. म्हटलं, ताई, खेळ आहे तो, रेटिंगकडे बघू नका, एन्जॉय करा. त्यांनी मान डोलावली आणि मला कळलं की हे वाक्य त्यांनी दहा जणांकडून ऐकलंय आणि ते कुणालाच कधी उपयोगी पडलेलं नाही. ज्याला सुधारायचंय त्याला एन्जॉय करा सांगणं म्हणजे तुझं काही होणार नाही हे गोड शब्दात सांगणं. म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या म्हटलं, आपण गेम बघू. मी स्वतः खेळते थोडंफार, ग्रेट नाही, पण घोडा कुठे जातो ते कळतं.

गेम बघायच्या आधी मी वेळा बघितल्या. रात्री साडेदहाला पहिला गेम, दहा मिनिटांचा. हरला की वीस सेकंदात दुसरा सुरू. तो हरला की लगेच तिसरा. एक वाजेपर्यंत चौदा-पंधरा गेम. पहिले दोन-तीन गेम बरे असायचे, काही तर छान जिंकलेले, आणि जसजशी रात्र चढेल तसतसे गेम छोटे होत जायचे, शेवटचे तर बारा-पंधरा चालींत खलास. मी विचारलं, हा आठवा गेम का खेळलात? म्हणाल्या, "सातवा हरले म्हणून." आणि सातवा? "सहावा हरले म्हणून." मग स्वतःच हसल्या.

त्यातला एक गेम आम्ही नीट बघितला, तो सांगते कारण सगळं त्यातच आहे. ताई काळ्या. समोरच्याचा घोडा उड्या मारत बी ५ या घरावर येऊन बसलेला. ताईंचा राजा अजून ई ८ वरच, कॅसलिंग (राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेणं) केलेलं नाही. त्यांचा वजीर डी ८ वर, आणि तिथून तो सी ७ चं प्यादं राखून होता, नकळत का होईना. ताईंना समोरच्या राजावर हल्ला चढवायचा होता, म्हणून त्यांनी वजीर उचलला आणि एच ४ वर नेला. बस. घोड्याने सी ७ चं प्यादं खाल्लं, राजाला शह आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर पण नजर. राजा हलवावा लागला, हत्ती गेला. त्यांनी लगेच रिझाइन केलं, म्हणजे डाव सोडला.

त्या चालीला त्यांना वेळ किती लागला होता माहितीये? तीन सेकंद. घड्याळात साडेआठ मिनिटं शिल्लक होती.

मी पोझिशन थांबवून विचारलं, आता सांगा, पांढऱ्याला इथे काय करायचंय? त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "अय्या, घोडा सी ७." म्हणजे दिसत होतं! मेंदू बिंदू काही गंजलेला नव्हता, त्या चालीला मेंदूला विचारलंच नव्हतं.

वयाचं मात्र मी खोटं बोलले नाही. मुलं भराभर शिकतात हे खरंय, आणि ४२ ला सुरू करून कुणी ग्रँडमास्टर होईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण ६४० वरून हजारकडे जायला तरुण मेंदू लागत नाही, फुकट सोंगट्या देणं कमी करावं लागतं, एवढंच. बुद्धीबद्दल मी त्यांना विल्यम चेस (आडनावच ते, काय करणार) आणि हर्बर्ट सायमन यांचा १९७३ चा प्रयोग सांगितला. खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून पट मांडायला सांगायचं. मास्टरला खूप सोंगट्या आठवायच्या, नवख्याला जेमतेम चार-पाच. मग त्याच सोंगट्या पटावर वाट्टेल तशा विखरून ठेवल्या, तर मास्टरचा फायदा जवळजवळ गायब. म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही राक्षसी नव्हती, त्याने तसे आकार हजारो वेळा बघितलेले होते. ताई म्हणाल्या, मग मी पण आठ महिने बघतेच आहे की. मी म्हटलं, तुम्ही बघत नाही, तुम्ही खेळताय.

आता रेटिंग. त्यांच्या ऑफिसमधला एकजण १४५० आहे असं सांगून त्यांना चिडवायचा. विचारलं कुठे खेळतो, तर लिचेस नावाच्या साइटवर. अहो, लिचेसवर नवीन अकाउंटची सुरुवातच १५०० पासून होते! ताई दुसऱ्या साइटवर, तिथला आकडा वेगळा, दोन साइटचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा जो खुलला ना, माझं तेवढं समुपदेशन वसूल झालं.

दुसरं म्हणजे, साइट तुम्हाला तुमच्याच ताकदीचा माणूस शोधून देते, मग सुधारलात तरी साधारण निम्मे गेम हरणारच, कारण समोरचाही वर जातो. रेटिंगच्या गणितात २०० पॉइंट वरचढ खेळाडूकडूनही शंभरात साधारण ७६ गुणांचीच अपेक्षा असते. आणि निम्मे हरणारा माणूस रोज पंधरा गेम खेळला तर लागोपाठ पाच-सहा हार अधूनमधून येणारच, नाणं उडवलं तरी येतात. अशा रेटिंगचा पाया ज्यांनी घातला ते अर्पाड इलो, फिजिक्सचे प्रोफेसर, त्यांची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतली, त्यांनीच म्हणून ठेवलंय की हे मोजमाप म्हणजे पाण्यावर हेलकावणारं बूच वाऱ्यात डुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे. ताई दर रात्री त्या बुचाकडे बघून स्वतःची लायकी ठरवत होत्या.

मग आम्ही नियम केला, दोन हरले की बंद. तिसऱ्याच दिवशी मोडला, अकरा गेम खेळल्या. मला वाईट नाही वाटलं, कारण हरल्याच्या क्षणी माणसाला नियम आठवत नाही, रीमॅच बटण दिसतं. म्हणून बंदी काढली आणि मध्ये एक काम घातलं. हरल्यावर कितीही खेळा, पण आधी वहीत एक ओळ लिहायची, कितव्या चालीला हरले आणि का. आणि वही दुसऱ्या खोलीत ठेवायची. उठून जायचं, लिहायचं, परत यायचं. एवढ्यात तो डंख निम्मा उतरतो, आणि बऱ्याचदा माणूस परत येतच नाही, झोपायला जातो.

वहीतल्या ओळी अशा होत्या: "चाल १४, घोडा बघितलाच नाही." "चाल ९, उंट फुकट." "चाल २२, दिसला होता, घाई केली." "वजीर गेला म्हणून सोडला डाव." दोन आठवड्यांनी आम्ही मोजलं. ओपनिंगमुळे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींमुळे, हरलेला एकही गेम नाही, आणि बाईंनी ओपनिंगचे दोन कोर्स विकत घेतलेले! नवख्या लोकांचं हे नेहमीचं, गळती नळाला आणि रंग भिंतीला.

दहा मिनिटांचे गेम बंद केले, पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद असे दोनच, ते पण जेवणाआधी. चाल करायच्या आधी हात मांडीखाली. खरंच, मांडीखाली. मग दोन प्रश्न, त्याने ही चाल का केली, आणि मी हलवतेय ती सोंगटी आत्ता काय राखून बसलीय. दुसरा प्रश्न त्या एच ४ वाल्या वजिरामुळे आला, तो ताईंनी स्वतः घातला. रिझाइन बंद, कारण ६४० ला समोरचाही वजीर फुकट देतो, आणि नाहीच दिला तर स्टेलमेटचा (शह नाही पण करायला चालही नाही, म्हणून बरोबरी) अर्धा पॉइंट पण मिळून जातो कधी कधी.

पझल, म्हणजे दिलेल्या पोझिशनमधली योग्य चाल शोधायची कोडी, त्या आधीही करायच्या, आणि तिथे त्यांचं बरं चालायचं, त्यामुळे कोडं आणखी वाढलेलं. पण पझलमध्ये इथे काहीतरी आहे हे आधीच माहीत असतं ना, गेममध्ये कुणी घंटा वाजवत नाही. म्हणून पझल कमी केली, सोपीच ठेवली, एक-दोन चालींत मात, फोर्क (एकाच सोंगटीचा दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे पुढचीला हलता न येणं), पण उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) आधी बंद, स्वतः चूक शोधायची, मग इंजिन, आणि त्यातही कोण किती पुढे आहे ते सांगणारा आकडा जिथे दोन-तीनने उडी मारतो तेवढंच बघायचं. प्लस ०.३ चं आपल्याला काय करायचंय!

चार महिन्यांत ताई ६४० वरून ८१० ला गेल्या, मग घसरून ७७० ला आल्या. घसरल्या त्या आठवड्यात फोन आला नाही, हे मला ८१० पेक्षा जास्त आवडलं. मुलगा अजून हरवतो, हल्ली मात्र त्याला चाळीस चाली लागतात आणि तो चिडतो.

मागच्या महिन्यात त्यांचा मेसेज आला. "मॅडम, आज घोडा आधी दिसला! चाल करायच्या आधी! वजीर हलवलाच नाही." मी अभिनंदन टाइप करतेय तोवर दुसरा आला. "घोड्याकडे बघत बसले आणि त्याने शेवटच्या रांगेत हत्ती घालून मात दिली. वहीत लिहिलंय. झोपते."