सूनबाई, तू कोमट झालीस

पत्र : ताई, जय ख्रिस्त. मी ऐरोलीत राहते, महापेच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. वय ४३. २०१२पासून आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) गटाबरोबर दर हिवाळ्यात जव्हार-मोखाड्याकडे सुवार्तेच्या, म्हणजे येशूची शिकवण सांगण्याच्या, कामाला जाते. गटाचे पैसे आणि वही माझ्याकडे असते. किती पाडे झाले, किती पत्रिका (सुवार्तेची छापील पत्रकं) वाटल्या, किती जणांनी प्रार्थना केली, सगळे आकडे मीच भरते.

२०२४च्या जुलैमध्ये स्टेशनच्या जिन्यावर घसरून पाय मोडला. ६ आठवडे प्लास्टर. नवऱ्याची शिफ्ट, मुलगा दहावीत. शेजारच्या आगरी काकू पहिल्या दिवसापासून दोन्ही वेळचा डबा घेऊन येत. कुणी सांगितलं नव्हतं. या काकूंना मी ८ वर्षं नाताळच्या फराळाच्या ताटात एक पत्रिका घालून देत आले. पाय बरा झाल्यावर त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी देवघराखालचा खण उघडून दाखवला. आठही पत्रिका घडी करून, रबर लावून ठेवलेल्या. म्हणाल्या, "देवाचा नाव हाय त्यावर, टाकाचा कसा?" ताई, मला जमिनीत जावंसं वाटलं. का ते अजून नीट कळत नाही.

तेव्हापासून वही हातात धरवत नाही. गेल्या हिवाळ्यात पायाचं कारण सांगून गेले नाही. खरं तर पाय ठीक होता. प्रार्थनेत आता मागणं कमी आणि आभारच जास्त येतात. नळाला पाणी आलं, लोकलमध्ये खिडकी मिळाली, काकूंच्या घरून सुकटीचा वास आला, असल्या गोष्टींचे. माझे सासरे नगरकडे ३४ वर्षं सुवार्तिक होते, आता आमच्याजवळच असतात. ते म्हणाले, "सूनबाई, तू कोमट झालीस." त्यानंतर घरात नीट बोलणं नाही. १२ वर्षं मी केलं ते सगळं दिखावा होता का? आणि आता जे चाललंय तो नुसता आळस तर नाही ना? यंदाच्या दौऱ्याची यादी पुढच्या महिन्यात व्हायची आहे.

ता. क. काकूंचा एक स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. काय घालून परत द्यावा सुचत नाही.

उत्तर : जय ख्रिस्त. पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या रबर लावलेल्या पत्रिकांपाशीच थांबले.

आधी 'कोमट'चं बघू, कारण तो शब्द तुम्हाला लागलाय. लागणारच. आपल्या घरांत मोठी झालेली मुलं शिव्यांना घाबरत नाहीत इतकी या शब्दाला घाबरतात. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातला तो शब्द, लावदिकीयाच्या मंडळीला उद्देशून. थंड नाहीस, उष्ण नाहीस, म्हणून तोंडातून टाकणार. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पुढच्याच वचनात त्या मंडळीचा दोष काय सांगितलाय ते एकदा नीट वाचा. ती मंडळी म्हणते, मी धनवान आहे, मला कशाची गरज नाही. तिचं कोमटपण ते. घरी बसणं किंवा दौरा चुकवणं हा तिथला आरोप नाहीच.

आता तुमचं बघा. १२ वर्षं तुम्ही गाडीत सामान भरून डोंगर चढलात. (सुरुवातीची दोन वर्षं तर तो ठाणे जिल्हाच होता, पालघर वेगळा झाला २०१४ साली.) दर वेळी देणाऱ्या तुम्ही, घेणारे ते. कपडे तुमचे, औषधं तुमची, वचनही तुम्हीच नेलेलं. वाईट भावनेने नव्हे, पण या मांडणीत आपल्याला कशाची गरज आहे हे कधी समोर येतच नाही. ते समोर आलं जुलैत, पलंगावर, जेव्हा शौचालयापर्यंत जायलाही कुणाचा तरी खांदा लागला आणि शेजारीण तांदळाची भाकरी घेऊन दारात उभी राहिली. तिने तुमच्याकडून ८ वर्षं जे घेतलं ते न वाचताही सांभाळून ठेवलं. तुम्ही तिच्याकडून कधी काही घेतलं होतंत? माझा अंदाज आहे, नाही. फराळाचं ताट जायचं, आणि तिकडून गौरी-गणपतीचं काही आलं की ते गुपचूप मोलकरणीला. चुकत असले तर माफ करा. माझ्या आईच्या घरी असंच चालायचं, म्हणून विचारलं.

जमिनीत जावंसं वाटलं ते म्हणून. तुम्ही तिला ८ कागद दिलेत. तिने त्यांना जागा दिली, आणि तीही देवघरापाशी.

याला आळस म्हणत नाहीत. विश्वास विझला असंही नाही. पण तेवढ्यावरून तुम्हाला पाठीवर थाप देऊन मोकळं करणार नाही, त्याच्याकडे येतेच.

'दिखावा होता का' या प्रश्नावर मला जरा रागच आला. स्वतःला असं झोडपण्यातही एक ऐट असते, बाई. डिसेंबरच्या थंडीत पाड्यावर शेणाने सारवलेल्या ओट्यावर झोपणारी माणसं दिखावा करत नसतात. खोट होती ती वहीत. किती जणांनी प्रार्थना केली, असा रकाना आला की माणूस त्या रकान्यासाठी बघायला लागतो. समोरची म्हातारी काय सांगतेय यापेक्षा ती हो म्हणेल का, इकडे लक्ष जातं. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची गोष्ट आहे ना, त्यात येशू एकदाच मोजतो. दहा बरे झाले, परत आला एक, आणि तोही शोमरोनी, परका. मग विचारतो, बाकीचे नऊ कुठे? त्याने मोजलं ते आभार मानायला कोण आलं हे. तुमच्या वहीत तो रकाना नव्हता. दौऱ्यावर कुणी नागलीची भाकरी दिली, कुणी पावसात घरात घेतलं, ते कुठे लिहायचंत?

आणि मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर्गणी, अहवाल, गट असा सगळा सरंजाम येतो. तो बऱ्याच नंतरचा. आपल्या मराठी मंडळ्यांना तो अमेरिकन मराठी मिशनपासून सवयीचा झाला. ते लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ला नगरात गेले. शाळा, दवाखाने, छापखाने काढले. माझी आजी त्यांच्याच शाळेत शिकली, म्हणून उगाच नाकं मुरडणार नाही. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सत्तर जणांना पाठवताना येशूने दिलेल्या सूचना पुन्हा काढून बघा. पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात उतराल तिथेच राहा, घरोघर फिरू नका, पुढे वाढतील ते खा. म्हणजे तुमच्या गाडीतलं सगळं सामान त्यात बाद! पाठवलेला माणूस रिकाम्या हाताने जातो, आणि पहिल्यांदा जे घडतं ते हे की दुसरं कुणीतरी त्याला जेवू घालतं.

आपल्या ठाण्यातलीच एक जुनी गोष्ट सांगते. १३२१ साली इथे युरोपातल्या फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे चार संन्यासी आले आणि इथेच मारले गेले. पुढे ओडोरिक नावाच्या दुसऱ्या संन्याशाने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. हुतात्मे म्हणून त्यांचं नाव आहे, ते असावंच. पण माझं लक्ष नेहमी वेगळ्याच ठिकाणी जातं. ते उतरले होते इथल्याच एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबाकडे. म्हणजे हे धर्म सांगायला येण्याआधीच ठाण्यात ख्रिस्ती घर होतं, चूल होती, चार परक्यांना ताट वाढणारी एक बाई होती. तिचं नाव कुठल्याही चर्चच्या भिंतीवर मी पाहिलेलं नाही.

तर कामाकडे बघायची दृष्टी बदलली म्हणून हादरून जाऊ नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनचं काम केलं, आणि १९१७ साली ती नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शेजारी शेजारी बसू शकत होते. म्हणून त्यांना कोणी कोमट म्हणणार आहे का?

आता ती दुसरी बाजू. तुमच्या आभारांची यादी मला आवडली, पण त्यातल्या एका वस्तूची मला भीती वाटते. खिडकीची. खिडकी मिळाली म्हणून आभार मानणाऱ्या बाईला समोर उभी असलेली गरोदर पोरगी दिसली तर ठीक. नाहीतर उपकारस्तुती हळूहळू आपल्या सुखसोयींची यादी होते. नळाला पाणी आलं, टँकरवाल्या वस्तीचं आपल्याला काय! "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, पण लिहिणाऱ्या पौलाने छड्या खाल्ल्या होत्या, तुरुंग पाहिला होता. त्याच्या आभारांत पाण्याच्या पाळीखेरीज आणखी बरंच काही होतं.

आपल्या नवी मुंबईतल्या मंडळ्यांचा कापणीचा सण आठवा. शेत कुणाकडेच नाही. बाजारातून विकत आणलेला नारळ आणि भोपळा वेदीपुढे ठेवायचा, उपासना झाली की त्याचाच लिलाव. वीस रुपयांचा भोपळा हजाराला जातो आणि सगळे हसतात. मला तो लिलाव फार आवडतो, खरंच. पण कुणी पिकवलं त्याचा आभारात उल्लेख असतो का? भोपळा कदाचित त्याच जव्हारकडून आलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. यादीत नाव घालू नका, आणि पाय दुखतो हेही सांगू नका. पाळकसाहेबांना भेटून सांगा की यंदा येत नाही, वही दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि का ते. एवढं खोटं जड होतं हे मी अनुभवाने सांगते. पंचेचाळिशीत मी संडे स्कूल शिकवायचं बंद केलं आणि कुणाला काही बोलले नाही. तीन आठवड्यांनी महिला मंडळ खिचडी घेऊन घरी. त्यांना वाटलं मला कावीळ झालीय! मी ती खिचडी आजारी असल्यासारखी तोंड करून खाल्ली. अजून आठवलं की कान गरम होतात.

मात्र जव्हारला एकदाही जायचं नाही असं ठरवू नका. १२ वर्षांत तिथल्या दोन-तीन घरांशी तरी तुमचं नाव-गाव जुळलं असेल. तुमचा बदल झाला तो तुमच्यापाशी, त्यांनी काय म्हणून भोगावा? एखाद्या पोरीच्या वसतिगृहाची फी गट भरत असेल तर ती थांबता कामा नये. सवडीने एसटीने जा, नवऱ्याला घेऊन, पत्रिका आणि सामान न घेता. एका घरी उतरा. वाढतील ते खा. कसं वाटतं ते मला कळवा, कारण मी स्वतः हे कधी केलेलं नाही, आणि करायला हवं होतं.

राहिले पप्पा, तुमचे सासरे. त्यांच्याशी वाद घालू नका, वचनाला वचन लावून तर मुळीच नाही. ३४ वर्षं सुवार्तिक राहिलेल्या माणसाशी त्यात जिंकून काय मिळवायचंय? शिवाय त्यांना वाटतंय की तुम्ही थांबलात म्हणजे त्यांचं आयुष्य चुकीचं ठरवलंत. त्यांना एवढंच विचारा : पप्पा, दौऱ्यावर तुम्ही जेवायचात कुणाकडे? नगरकडच्या सुवार्तिकांना मी लहानपणी पाहिलंय. सायकल, पेटी, खांद्यावर धोपटी, आणि पगार असा की गावातल्या लोकांनी भाकरी दिली नाही तर उपाशी. ते सगळे टिकले ते बहुतेक ख्रिस्ती नसलेल्यांच्याच चुलीवर. पप्पांना गावं आठवतील, घरं आठवतील. कुणाच्या घरी हुलग्याचं माडगं प्यायले आणि कुणी अंगावर घोंगडी टाकली हे माणूस विसरत नाही. त्यांनी रोजनिशी ठेवली असेल तर काढायला लावा. मग तुमच्या आगरी काकूंबद्दल सांगा. बहुधा त्यांना माहीतच नाही की त्या ६ आठवड्यांत आपण कुणाच्या घरचं जेवत होतो. डबा दारात आला, बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्याला कोण सांगतं!

आता तो स्टीलचा डबा. रिकामा परत द्यायचा नाही हे तुम्हाला सांगायला नको. या वेळी आत कागद नको. पुरणपोळीच्याही नादाला लागू नका, ती काकूंना तुमच्यापेक्षा चांगली येत असणार. नगरकडची शेंगोळी करा, लसूण जरा सढळ हाताने. पप्पांना वळायला बसवा, त्यांना नक्की येतात. आणि गरम असतानाच घेऊन जा, गार झाली की एकमेकांना चिकटतात.