केदारकंठासाठी बूट घेताना
डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जातोयस, तर हरिश्चंद्रगडाला घालतोस ते जाळीचे बूट घरीच ठेव. कातळावर झकास धरतात, पण बर्फ जाळीतून आत शिरून वितळतो आणि पाऊल दिवसभर ओलं. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, तळव्याला खोल खाचा असलेले बघ.

माप संध्याकाळी, जाड लोकरीचे मोजे घालूनच घे. तोवर पाय थोडे फुगलेले असतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. मी पहिल्यांदा नेमक्या मापाचे घेतले आणि उतरताना अंगठ्याचं नख काळंनिळं करून आलो. शिवाय घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, मग बूट कितीही महाग असो, पाय गारठतातच. सुती मोजे नकोच, घाम धरून ठेवतात.

निघण्याआधी दोन-तीन रविवार नवे बूट घालून सिंहगड चढ. लोक हसतील, हसू दे. कडक गोठलेल्या बर्फावर मात्र नुसता तळवा टिकत नाही, मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे दाते, लागतात. विकत घेऊ नकोस, ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्याने मिळतात.

आणि ओले बूट शेकोटीजवळ ठेवू नकोस, तळव्याचा गोंद सुटतो. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब.