देवगिरी चढताना छाती धडधडते आणि धाप लागते, ती का?

देवगिरी किल्ल्यावर माथ्याजवळच्या बारादरी या इमारतीपर्यंत पोचताना आईंची छाती धडधडली, धाप लागली, ती का, असं तुम्ही विचारलंत. तसं बहुतेकांना होतं. चढताना मांड्यांना जास्त ऑक्सिजन लागतो. एरवी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं. चढावर तेच 15 लिटरच्या वर जाऊ शकतं, म्हणून धडधड.

रक्ताचे फेरे दोन. हृदयाची उजवी बाजू ऑक्सिजन कमी झालेलं रक्त फुप्फुसांत पाठवते. तिथल्या कोट्यवधी वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या चिमुकल्या पिशव्यांच्या, अतिपातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात शिरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ते रक्त डाव्या बाजूला येतं आणि महाधमनीतून अंगभर जातं. डाव्या बाजूची भिंत जाड असते, कारण तिला डोक्यापासून तळपायापर्यंत रक्त पोचवायचं असतं. आणि धाप मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे लागत नाही बरं का, वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींमधलं प्रथिन. ते कमी असेल तर घरातला जिनासुद्धा जड जातो. आपल्याकडे बायका हा थकवा अंगावर काढतात, तसं करू देऊ नका. रक्त तपासून घ्या. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर मात्र 108 ला फोन करा, थांबू नका.