बेटावर आपण होऊन आलेले, बेटावर आणलेले

सुट्यांत अंदमानला जाऊन आलेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांपैकी ज्यांनी झाडे, ताट आणि वाळू यांविषयी नेमके प्रश्न विचारले, ती येथे घेतली आहेत. बेटावरील कोणतीही वस्तू पाहिली की आधी एकच चौकशी करावी असे मला वाटते: ही समुद्रावर तरंगत आपण होऊन आली, की कोणी जहाजातून आणली? पुढील बहुतेक उत्तरे याच चौकशीतून निघाली आहेत.

स्वराज द्वीपच्या किनाऱ्यावर बदामाची मोठमोठी झाडे दिसली. आमच्या कॉलनीतल्या रस्त्याकडेचा बदाम तो हाच का? तेथे तो कोणी लावला असेल? (एक वाचक, लक्ष्मीनगर)

झाड तेच आहे. देशी बदाम मुळात उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर वाढणारा वृक्ष आहे. नागपुरात तो आपण सावलीसाठी लावला, अंदमानात त्याला कोणी लावण्याची गरज पडली नाही. त्याचे वाळलेले फळ हातात घेतले तर कारण लगेच ध्यानात येते. वरचा गराचा थर पातळ असतो, त्याखाली बुचासारखा हलका व तंतुमय थर असतो, आणि त्याच्या आत टणक कवचात बोटाच्या पेराएवढे बी असते. हे फळ खाऱ्या पाण्यावर दीर्घकाळ तरंगते आणि लाटेने वाळूवर टाकले की तेथेच रुजते. वरचा गर वटवाघळांना आवडतो. ती फळ उचलून नेतात, गर खातात आणि बाठा दुसरीकडे टाकतात, म्हणून किनाऱ्यापासून आतल्या बाजूसही हे झाड आढळते. आतले बी खाण्याजोगे असते. दोन दगडांमध्ये फळ ठेचून ते काढणे हा मुलांचा उद्योग आपल्याकडेही आहेच. पाने गळण्यापूर्वी तांबडीलाल होतात, हेही दोन्हीकडे सारखेच. विदर्भाच्या जंगलातील ऐन, अर्जुन, बेहडा आणि हिरडा ही सर्व याच्याच प्रजातीतील झाडे आहेत.

याच किनाऱ्यावर आपण वेड्यावाकड्या बुंध्यांचे प्रचंड जुने वृक्ष पाहिले असतील. त्यांना स्थानिक लोक समुद्री महुआ म्हणतात. हा वृक्ष मोहाच्या कुळातला असला तरी त्याचे अधिक जवळचे नाते चिकूशी आहे. तेव्हा मोहफुलांच्या आशेने त्याच्याखाली वाळू चाळण्यात अर्थ नाही. पडौक या अंदमानच्या नामांकित इमारती लाकडाचा सख्खा नातेवाईक म्हणजे आपला बिजा, आणि पिन्मा हा तेथील फुलांचा वृक्ष आपल्या ताम्हणाच्या प्रजातीतला. महाराष्ट्राने ताम्हणाला राज्यपुष्प मानले आहे आणि त्या बेटांनी पिन्म्याला, हा योगायोग मला विशेष आवडतो.

हॉटेलात बंगाली पद्धतीची मासळी-भात, नाहीतर डोसा-इडली. अंदमानचे स्वतःचे जेवण कोणते? आणि कांदे-टोमॅटो एवढे महाग कसे? (वाचक दांपत्य, महाल)

आपण जे खाल्ले तेच आजचे अंदमानचे जेवण आहे, कारण तेथे राहणारी बहुतेक माणसे कोठून ना कोठून आणलेली किंवा येऊन वसलेली आहेत. १८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत उभी केली. पुढे छोटा नागपूरच्या पठारावरील आदिवासींना जंगलकामासाठी नेण्यात आले, १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून कॅरेन लोक मध्य अंदमानात स्थायिक झाले, आणि १९४९ पासून पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबांना जमिनी देण्यात आल्या. तमिळ, तेलुगू आणि मलयाळी लोक त्यांच्या जोडीला आहेत. ज्या त्या घराने आपापली फोडणी सोबत नेली. अंदमानच्या मूळ रहिवाशांत शेतीची पद्धत नव्हती. रानडुक्कर, मासे, मध आणि कंद यांवर त्यांचा निर्वाह चाले, आणि ते अन्न पर्यटकांच्या ताटात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नारळाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तरंगत प्रवास करणारे फळ म्हणून नारळाचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तरीही अंदमानात त्याच्या बागा मुख्यतः वसाहतीनंतर लावल्या गेल्या. निकोबारात मात्र तो फार पूर्वीपासून विपुल आहे. तेथील घरात नारळ माणसांच्या पोटात जातो तसा पाळलेल्या डुकरांच्याही पोटात जातो. निकोबारी लोकांचे आणखी एक जुने अन्न म्हणजे केवड्याच्या एका जातीचे फळ. गौरी-गणपतीत आपण ज्याचे सुगंधी कणीस आणतो त्याच्या जवळची ही जात असली, तरी तेथे महत्त्व फळाला आहे. अननसापेक्षा मोठे, पाचरीसारख्या तुकड्यांनी बनलेले हे फळ शिजवून, तंतूंपासून गर खरवडून वेगळा करतात आणि त्याचा पिठूळ गोळा करून खातात. निकोबारला जाण्यास स्वतंत्र परवाना लागतो आणि पर्यटकांना तो सहसा मिळत नाही, त्यामुळे हा पदार्थ आपल्याला न दिसणे साहजिक आहे.

भावाचे म्हणाल तर नागपूरच्या कॉटन मार्केटशी तुलना करू नये. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, चेन्नईपासून सुमारे १,३५० किलोमीटर दूर आहे, आणि कांदे-बटाटे-डाळी जहाजानेच येतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि तोही मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत, अशा हवेत कांदा पिकवणे आणि टिकवणे दोन्ही अवघड. सुरण, अळू, कोनफळ, टॅपिओका, केळी, पपई हे मात्र तेथे भरपूर होते. पुढच्या वेळी हॉटेलच्या मेनूकार्डापेक्षा सकाळचा भाजीबाजार पाहावा. बेटाचे खरे स्वयंपाकघर तेथे दिसते.

घरून नेलेला चिवडा दुसऱ्याच दिवशी मऊ पडला. डबा तर घट्ट होता. (एक वाचक, सक्करदरा)

डबा घट्ट असला तरी तो दिवसातून कितीदा उघडला, हे महत्त्वाचे. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते, म्हणून आपली वाळवणे गच्चीवर पाहता पाहता कडक होतात. अंदमानात ती वर्षातील बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास असते. हवेत सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता असली की शुद्ध मीठसुद्धा पाणी ओढून विरघळू लागते, मग मीठ लावलेल्या पोह्यांची काय कथा! चिवडा एका वेळच्या लहान पुड्यांत बांधून न्यावा. मऊ पडलेला चिवडा कढईत मंद आचेवर परतला की पुन्हा कुरकुरीत होतो, पण तो लगेच संपवावा लागतो.

ओहोटीच्या वेळी वाळूवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या हजारो गोळ्या, किरणांसारख्या रांगांत मांडलेल्या दिसल्या. मुलांनी ती अंडी असल्याचे सांगितले. (एक वाचिका, प्रतापनगर)

अंडी नव्हेत, आणि विष्ठाही नव्हे. नखाएवढ्या लहान खेकड्याने खाऊन झाल्यावर टाकलेली ती वाळू आहे. पाणी उतरले की हा खेकडा बिळातून बाहेर येतो आणि दोन्ही नांग्यांनी वरची ओली वाळू आळीपाळीने तोंडात भरतो. वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय अंश त्याच्या तोंडाच्या अवयवांत गाळले जातात; स्वच्छ झालेली वाळू तोंडाच्या वरच्या बाजूस गोळा होत जाते, ठरावीक आकाराची झाली की तो ती नांगीने खुडतो आणि पायांखालून मागे सारतो. हे काम तो बिळापासून बाहेरच्या दिशेने एका रेषेत करतो, परत बिळाशी येतो आणि दुसरी रेषा धरतो. आपल्याला किरण दिसतात ते यामुळे. नीट पाहिल्यास दोन रांगांच्या मधे बिळापर्यंत एक मोकळी वाट आढळते. पाऊल वाजताच तो त्याच वाटेने आत पळतो. बीळ खणताना निघालेली ढेकळे याहून मोठी आणि ओबडधोबड असतात, ती या नक्षीत मोजू नयेत.

हे पाहायचे असेल तर दहा फुटांवर उकिडवे बसून काही मिनिटे अजिबात हालू नये. खेकडे पुन्हा वर येतात. भरती आली की सर्व गोळ्या विस्कटतात आणि पुढच्या ओहोटीला काम नव्याने सुरू होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत दूर हटते, म्हणून ते दिवस चांगले. मात्र तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित तेथे लावू नये. प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते, ती स्थानिक तक्त्यात पाहावी.

डिसेंबरात तेथे पाच वाजताच सूर्य बुडत होता. घड्याळ तर एकच आहे ना? (एक विद्यार्थी, धरमपेठ)

घड्याळ एकच आहे, रेखांश वेगळे आहेत. नागपूर सुमारे ७९ अंश पूर्वेला आणि पोर्ट ब्लेअर सुमारे ९३ अंशांवर आहे. दर अंशाला ४ मिनिटे धरल्यास तेथील मध्यान्ह आपल्याहून जवळजवळ ५५ मिनिटे आधी होते. पण ती बेटे विषुववृत्ताच्या अधिक जवळ असल्याने डिसेंबरातला दिवस तेथे आपल्यापेक्षा मोठा असतो. म्हणून सूर्योदय सुमारे सव्वा तास आधी, तर सूर्यास्त अर्ध्या तासाहून थोडाच अधिक आधी होतो. सहलीचा बेत आखताना पहाटे निघावे हे बरे.

नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर चितळ अगदी जवळ आले. अंदमानातही पेंचसारखेच चितळ कसे? (एक वाचक, मानेवाडा)

इंग्रजांनी नेले म्हणून. तेथे वाघ, बिबट्या, रानकुत्रे यांपैकी कोणीच नाही, त्यामुळे चितळांची संख्या वाढली, पोहत ते इतर बेटांवरही पसरले, आणि जंगलातील कोवळी रोपे ते खाऊन टाकतात. त्यांना बिस्किटे घालू नयेत.

किनाऱ्यावरून मुलीने शंख व पांढऱ्या पोवळ्याचा तुकडा उचलला, तो विमानतळावर काढून घेतला. मेलेले पोवळे आणण्यास हरकत काय? तेथून आणलेला मोड आलेला नारळ मात्र घरी आहे. तो नागपुरात जगेल का? (एक वाचक, हिंगणा रोड)

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सर्व पोवळी आणि अनेक जातींचे शंख संरक्षित आहेत, आणि त्यात जिवंत-मेलेले असा भेद पर्यटकाने करायचा नसतो. रिकामा वाटणारा शंख पुष्कळदा एखाद्या शंखातल्या खेकड्याचे पुढचे घर असतो, हे मुलीला सांगावे. तिची समजूत कायद्यापेक्षा त्याने लवकर पटेल.

नारळ जगेल, पण त्याच्याकडून फळांची फार अपेक्षा करू नये. त्याला वर्षभर ओलसर उबदार हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी झळ आणि डिसेंबर-जानेवारीतली रात्रीची थंडी दोन्ही त्याला सोसत नाहीत, आणि कोवळी फळे गळतात. मोठा खड्डा करून त्यात शेणखत व माती भरावी, नारळाचा वरचा भाग मातीबाहेर राहील असा तो ठेवावा आणि कोंबाच्या पोंग्यात पाणी साचू देऊ नये. पहिले दोन-तीन उन्हाळे दुपारची सावली हवी, म्हणून हिरवे शेडनेट बांधावे, आणि आळ्यात वाळलेल्या पाल्याचे जाड आच्छादन घालून एक दिवसाआड भरपूर पाणी द्यावे. कंपाउंडच्या पूर्वेकडची जागा मिळाली तर उत्तम.