रामदासपासून सुरुवात करा

पुण्यात बसून बुडालेल्या जहाजांचा नाद कसा जोपासायचा, आणि स्कूबा येत नसेल तर त्यात काही अर्थ आहे का, हा तुमचा प्रश्न. अर्थ आहे, भरपूर आहे. पाठीवर टाकी बांधायच्या आधी एखादी बोट कागदावर नीट वाचून काढा.

रामदास ही प्रवासी बोट घ्या. १७ जुलै १९४७, सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली. गटारी अमावास्येला घरी जाणारी गिरगाव-परळची चाकरमानी मंडळी खच्चून भरलेली. समुद्रातल्या काशाच्या खडकाजवळ वादळी पावसानं गाठलं, बोट कलली, घाबरलेली माणसं एकाच बाजूला लोटली आणि ती उलटली. सहाशेवर जीव गेले. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला पत्ताच नाही. एक पोरगा पोहत किनाऱ्याला लागला तेव्हा दुपारी कळलं. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी ती मासळी समुद्रात ओतून होड्यांत माणसं घेतली, असं सांगतात.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांत वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मिळतात. १८ जुलैपासून १५ ऑगस्टपर्यंतचे अंक ओळीनं चाळा. रामदासची बातमी कुठल्या पानावर जाते, किती आक्रसते, ते बघा.

जोडीला शिकागोची ईस्टलँड बोट वाचा. २४ जुलै १९१५ला धक्क्याला बांधलेली असतानाच ती आडवी झाली, ८४४ माणसं गेली. टायटॅनिकनंतर सुरक्षेसाठी तिच्यावर जादा होड्या चढवल्या होत्या. आधीच डळमळीत बोटीचा वरचा भार त्यानं आणखी वाढला. माझ्या मते टायटॅनिकपेक्षा ही गोष्ट जास्त शिकवते. (टायटॅनिकचे अवशेष बघायला ३८०० मीटर खाली जाणाऱ्या महागड्या सफरींचं मला तसंही कौतुक नाही.)

पाण्यात उतरायचंच असेल तर मुंबईच्या गढूळ पाण्याचा हट्ट नको. पावसाळा सरला की गोव्याला ग्रँड आयलंडजवळ बुडालेल्या जहाजांचे अवशेष दाखवतात. वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय सांगाड्याच्या आत शिरू नका. आणि काही उचलू नका, साधी कपबशीसुद्धा. शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदा लागतो.

रेवसला मात्र एकदा जाच, पेणवरून जाता येतं. धक्क्यावर जुनी माणसं बसलेली असतात. गेल्या गेल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करू नका. आधी चहा घ्या, पाऊसपाण्याचं, मासळीचं विचारा; कुणाच्या घरातलं कोण रामदासवर होतं, हे विषय निघाला तर तेच सांगतील.