मिनेसोटातलं ब्लूमिंग्टन हे तर साधं उपनगर. तिथे खरंच मेजर लीगचं बेसबॉल खेळलं जायचं का? आज त्यातलं काही बघायला मिळतं का?

खरं आहे. 'मॉल आहे तिथेच आमचं स्टेडियम होतं' असं सांगणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्या माणसाने तुमची फिरकी घेतलेली नाही. १९६१ ते १९८१ अशी एकवीस वर्षं मिनेसोटा ट्विन्स हा मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलमधल्या सगळ्यांत वरच्या पायरीवरचा संघ ब्लूमिंग्टनमध्ये खेळायचा. शेजारच्या मोठ्या शहरांत, म्हणजे मिनिअ‍ॅपोलिसमध्ये नाही आणि सेंट पॉलमध्येही नाही. तुम्ही नोकरीसाठी नुकते आलात आणि मॉल ऑफ अमेरिकाच्या जवळ राहता असं लिहिलंय, म्हणजे हिवाळ्याचे बूट बहुधा त्याच आवारात घेतले असतील.

मी २००० सालच्या जानेवारीत सांगलीहून थेट इथे येऊन पडलो. बाहेर फिरायची सोय नाही, म्हणून पहिले दोन महिने तो मॉल हीच माझी आमराई. संध्याकाळी जाऊन तीन चकरा मारायच्या आणि घरी यायचं. आतल्या पाळण्यांच्या जत्रेला तेव्हा कॅम्प स्नूपी म्हणायचे. पुढे एकदा मुलीला तिथल्या एका राइडवर बसवून खाली उभा होतो, तर पायाखाली धातूची एक पंचकोनी पाटी दिसली. त्यावर मेट्रोपॉलिटन स्टेडियम, होम प्लेट, १९५६-१९८१ असं कोरलेलं. होम प्लेट म्हणजे बेसबॉलचा फलंदाज जिथे बॅट घेऊन उभा राहतो ती जागा. मला तेव्हा बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याला विचारलं आणि त्याने जेवणाची सुट्टी संपून गेली तरी थांबायचं नाव घेतलं नाही. तेव्हापासून हा नाद लागला.

उपनगराच्या वाट्याला हे आलं कसं? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. मिसिसिपीच्या काठची ही दोन शहरं स्वतःला जुळी म्हणवतात, वागतात मात्र सवतींसारखी. दोघींचे आपापले मायनर लीगचे, म्हणजे खालच्या पायरीवरचे संघ होते, मिनिअ‍ॅपोलिसचे मिलर्स आणि सेंट पॉलचे सेंट्स. १९५३ मध्ये ब्रेव्ज हा संघ बोस्टन सोडून मिलवॉकीला गेला आणि मोठे संघही गाव बदलतात हे सगळ्यांनी पाहिलं. आपल्यालाही एक मिळावा असं इथल्या पैसेवाल्यांना वाटू लागलं. पण स्टेडियम बांधायचं कुठे? एकीच्या हद्दीत बांधलं तर दुसरीकडचा माणूस तिकीट काढणार नाही. मग दोन्हीकडून साधारण सारखं अंतर पडेल अशी जागा धरली, विमानतळाच्या दक्षिणेला ब्लूमिंग्टनची शेतं. एकशेसाठ एकरांच्या आसपास जमीन. १९५५ मध्ये कुदळ पडली आणि २४ एप्रिल १९५६ ला मिलर्सचा पहिला सामना झाला. सेंट पॉलचा राग तरी गेला नाहीच. पुढच्याच वर्षी त्यांनी आपलं वेगळं मिडवे स्टेडियम उभं केलं!

ब्लूमिंग्टन तेव्हा जेमतेम गाव होतं. १९५० च्या जनगणनेत दहा हजारांच्या आत वस्ती, १९६० मध्ये पन्नास हजारांच्या वर. स्टेडियममुळेच ती वाढली असं मी म्हणणार नाही, त्या दशकात अमेरिकेतली सगळीच उपनगरं फुगत होती. पण शेतात मधोमध स्टेडियम आणि भोवती मैलभर पार्किंग, हा त्या काळाचाच नमुना.

नवरीमुलगी सजून बसली, पण वरात काही येईना. मिलर्स हा न्यूयॉर्क जायंट्सच्या हाताखालचा संघ, त्यामुळे जायंट्सच इथे येणार असं सगळे धरून चालले होते. मालक होरेस स्टोनहॅम यांच्याही मनात तेच होतं. पण ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला निघाले, त्यांच्याबरोबर जायंट्सही कॅलिफोर्नियाला वळले आणि १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावले. इथे आपले मिलर्सच.

त्या मिलर्सच्या काळातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. १९५९ च्या सप्टेंबरअखेरीस मायनर लीगच्या दोन विजेत्यांमध्ये ज्युनियर वर्ल्ड सिरीज ठरली होती. एका बाजूला मिलर्स, दुसऱ्या बाजूला क्यूबाच्या राजधानीतले हवाना शुगर किंग्ज. क्यूबात क्रांती होऊन वर्षही उलटलं नव्हतं. पहिले सामने ब्लूमिंग्टनला. उन्हातून आलेले ते क्यूबन खेळाडू इथल्या थंडीने असे काकडले की डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेत, कचऱ्याच्या डब्यात लाकडं पेटवून शेकत बसले. प्रेक्षकही तुरळकच. दोन सामने कसेबसे झाले, तिसऱ्याच्या वेळी बर्फ पडला आणि शेवटी ठरलं की उरलेली सगळी मालिका हवानात खेळायची. तिथे स्टेडियम खच्चून भरलेलं, मैदानाच्या कडेने बंदुका घेतलेले सैनिक आणि सामना बघायला स्वतः फिडेल कॅस्ट्रो. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि शुगर किंग्ज जिंकले. पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये तो संघ हवानातून उचलून जर्सी सिटीला नेला गेला. म्हणजे क्यूबा आणि अमेरिका यांच्यातल्या धंदेवाईक बेसबॉलचा जो शेवटचा मोठा सोहळा, त्याची सुरुवात आपल्या या मॉलच्या जमिनीवर, शेकोटीभोवती झाली.

मोठा संघ अखेर आला तो वॉशिंग्टनहून. कॅल्विन ग्रिफिथ यांनी आपला सेनेटर्स संघ इकडे आणत असल्याचं १९६० च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. आता नाव काय ठेवायचं? मिनिअ‍ॅपोलिस म्हटलं तर सेंट पॉल रुसणार. मग शहराचं नावच टाकलं आणि राज्याचं घेतलं. मेजर लीगमध्ये असं करणारा हा पहिलाच संघ. ट्विन्स म्हणजे जुळे. टोपीवर 'टीसी', म्हणजे ट्विन सिटीज, ही अक्षरं, कारण नुसतं 'एम' घातलं असतं तर ते मिनिअ‍ॅपोलिसचं वाटलं असतं. बोधचिन्हात दोन गडी नदीवरून एकमेकांशी हात मिळवताना दिसतात. ज्या गावात हे सगळं घडत होतं त्या ब्लूमिंग्टनचं नाव मात्र कुठेच नाही. नवऱ्यामुलाच्या दोन्ही आत्यांची नावं पत्रिकेत आणि मांडवासाठी ज्याने अंगण दिलं त्याचं नाही, तशातला प्रकार. इथल्या जुन्या माणसांना त्याची गंमतच वाटते, राग नाही.

लोक मात्र आले. १९६१ ते १९७० या दहाही हंगामांत प्रेक्षकसंख्या दहा लाखांच्या वर गेली.

१९६५ हे त्यातलं सोन्याचं वर्ष. जुलैमध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना इथे झाला, ऑगस्टमध्ये बीटल्स याच मैदानावर गाऊन गेले, आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या विजेतेपदाची, सातपैकी चार सामने जिंकायची मालिका आली, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. ६ ऑक्टोबरला पहिला सामना होता आणि त्याच दिवशी योम किप्पूर, ज्यू धर्मातला सगळ्यांत पवित्र दिवस. डॉजर्सचा हुकमी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कुफॅक्स ज्यू होता आणि तो त्या दिवशी खेळला नाही. ही गोष्ट अमेरिकेतल्या ज्यू घरांमध्ये आजही सांगतात. ट्विन्स ८-२ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी कुफॅक्स उतरला, तोही सामना ट्विन्सनीच घेतला. त्यात बॉब अ‍ॅलिसनने ओल्या गवतावर घसरत जाऊन घेतलेला झेल माझ्या त्या सहकाऱ्याने मला कँटीनमध्ये अक्षरशः करून दाखवला होता, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. मग तीन सामने लॉस एंजेलिसला, तिन्ही डॉजर्सचे. परत इथे सहावा, तो ट्विन्सचा. पाहुणा संघ एकदाही जिंकला नव्हता. १४ ऑक्टोबरला सातवा सामना, मैदानात पन्नास हजारांवर माणसं, आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर कुफॅक्स. त्याने ट्विन्सना एकही धाव दिली नाही. २-०.

पुढे ट्विन्सनी १९८७ आणि १९९१ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. दोन्ही वेळा घरच्या मैदानावरचे चारही सामने जिंकून. पण तोवर घर बदललं होतं. ब्लूमिंग्टनच्या नशिबी तेवढा एक सातवा सामना होता आणि तोच गेला.

त्या संघात क्यूबन खेळाडू बरेच होते, कारण ग्रिफिथ यांचा 'जो कॅम्ब्रिया' नावाचा हेर वर्षानुवर्षं क्यूबात पोरं हुडकत फिरायचा. त्यातलाच टोनी ऑलिवा. खरं नाव पेद्रो. १९६१ मध्ये भावाच्या कागदपत्रांवर अमेरिकेत आला आणि तोच 'टोनी' जन्मभर चिकटला. तेवढ्यात दोन्ही देशांचं फाटलं आणि त्याची परतीची वाट बंद झाली. १९६४ मध्ये पहिल्याच पूर्ण हंगामात त्याने फलंदाजीच्या सरासरीत मेजर लीगचा अर्धा भाग असलेल्या सगळ्या अमेरिकन लीगला मागे टाकलं, पुढच्या वर्षी पुन्हा. नंतर त्याने घर केलं ते ब्लूमिंग्टनमध्येच. २०२२ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला तेव्हा अख्ख्या गावाने आपला माणूस म्हणून कौतुक केलं. नोकरीसाठी परक्या थंडीत येऊन तिथलाच होऊन गेलेला माणूस, त्यामुळे मला तो जरा जास्तच जवळचा वाटतो.

आता मॉलमधली दुसरी खूण, एक खुर्ची. होम प्लेटच्या पाटीवर उभं राहून त्या जत्रेच्या पलीकडच्या टोकाला वर बघा. पाण्यातून ओंडके घसरत येतात ती राइड आहे ना, तिच्या वरच्या अंगाला भिंतीवर उंच एक एकटीच लाल खुर्ची ठोकलेली दिसेल. ३ जून १९६७ ला हार्मन किलब्रूने मारलेला चेंडू स्टेडियमच्या वरच्या सज्ज्यात जिथे पडला, ती जागा. अंतर ५२० फूट, म्हणजे मीटरमध्ये १५८. आपल्याकडे शंभर मीटरचा षटकार गेला की समालोचकाचा घसा बसतो. किलब्रूने कारकिर्दीत ५७३ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके मारले. आडनावामुळे लोक त्याला 'किलर' म्हणायचे, पण माणूस इतका मवाळ की ते नाव ऐकून हसू यावं. सही करताना नाव स्वच्छ वाचता आलं पाहिजे असा त्याचा आग्रह असायचा आणि तरुण खेळाडूंनाही तो तसंच बजावायचा. तुम्ही मॉलला ज्या किलब्रू ड्राइव्हवरून वळता, तो रस्ता याच्याच नावाचा.

संघ गेला कसा ते थोडक्यात सांगतो, कारण ती हकिगत काही सुरस नाही. मैदान अमेरिकन फुटबॉलच्या व्हायकिंग्ज संघाबरोबर वाटून घेतलेलं, त्यांना ते लहान पडू लागलं. देखभाल ढिली झाली, प्रेक्षक घटले. त्यात ग्रिफिथ यांची जीभ. १९७८ मध्ये वासेका गावातल्या एका सभेत ते बोलून गेले की इथे काळे लोक कमी आहेत हे पाहूनच आपण संघ मिनेसोटाला आणला. वर्तमानपत्रात ते छापून आलं. आदल्याच वर्षी फलंदाजीत .३८८ ची सरासरी मारणारा रॉड कॅर्यू पुढच्या हंगामाआधी संघ सोडून गेला. २०२० मध्ये ग्रिफिथ यांचा पुतळाही ट्विन्सच्या आताच्या स्टेडियमबाहेरून हटवला, आणि योग्यच केलं असं माझं मत. ज्या माणसाने क्यूबन आणि काळ्या खेळाडूंच्या जिवावर वर्ल्ड सिरीज गाठली त्याच्या तोंडी ते बोलणं जास्तच वाईट दिसतं. तर मिनिअ‍ॅपोलिसने गावाच्या मध्यात छप्पर असलेलं मेट्रोडोम बांधलं. ३० सप्टेंबर १९८१ ला इथला शेवटचा बेसबॉल सामना झाला आणि ट्विन्स तो कॅन्सस सिटीकडून हरले. १९८५ मध्ये स्टेडियम पाडलं आणि ११ ऑगस्ट १९९२ ला तिथे मॉल उघडला. उत्पन्नाच्या हिशेबाने ब्लूमिंग्टनचं काही बिघडलं नाही हे कबूल करायला हवं.

बघायचं म्हणाल तर एक सुट्टीचा दिवस काढा. जत्रेत नुसतं हिंडायला तिकीट लागत नाही, पैसे फक्त राइडचे. आधी पाटी, मग खुर्ची. तिथून मॉलच्याच स्टेशनवर ब्लू लाइन पकडा. मधे यूएस बँक स्टेडियमचं स्टेशन लागतं, मेट्रोडोम त्याच जागी होतं. अगदी शेवटचं स्टेशन टार्गेट फील्ड, ट्विन्सचं २०१० पासूनचं मैदान. म्हणजे संघाची तिन्ही घरं एकाच गाडीच्या रस्त्यावर. टार्गेट फील्डच्या आवारातला झेंड्याचा खांब नीट बघा, तो आपल्या ब्लूमिंग्टनच्या जुन्या मैदानातला आहे.

आणि मॉलमध्ये सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुपारनंतर त्या पाटीवर बाबागाड्या उभ्या असतात.