पहिला एक्स२२० उघडण्याआधी

एक्स२२० घेतलात, झकास! २०११चा लेनोवो थिंकपॅड असला तरी शिकाऊ हातांना इतका सोपा उघडणारा लॅपटॉप क्वचितच मिळतो.

आधी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा जागं होणं, एवढं तपासा. इन्स्टॉल करण्याआधी जुने फोटो-फायली बाहेर काढून ठेवा.

पैसे घालायचे तर एसएसडीत, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कमध्ये. २.५ इंची, साटा जोडणीची घ्या, जाडी ७ मिमीच हवी. बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू काढला की जुनी डिस्क सरकत बाहेर येते. तिच्या कडांचे रबर फेकू नका हं, नव्या डिस्कलाही तेच लागतात. रॅम ८ जीबी पुरे.

नवे लोक हमखास इथे फसतात:
- बॅटरी न काढताच आत हात घालतात.
- लांब-आखूड स्क्रू एकाच वाटीत टाकतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढा, ज्या जागचा स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावा.
- वायफाय कार्ड बदलतात. मूळ बायॉसला (मशीन सुरू करणारा चिपवरचा प्रोग्राम) कंपनीच्या मंजूर यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही.

कोअरबूट, म्हणजे मूळ बायॉसच्या जागी घालायचा खुला पर्याय, खुणावेल, पण त्यासाठी बायॉस चिपला क्लिप लावायचा उद्योग सध्या नकोच. महिनाभर रोजचं काम यावर करा, मग बोलू.